स्मशानवाटेचा अतारांकित प्रश्न

कोपरी, ठाणे (पूर्व)
आषाढ वद्य, रविवार

तीर्थरूप परशुराममामांस,

देवयानीचा दोन्ही हात जोडून, आणि तुम्ही पाय मागे घेणार नसाल तर पायांवर डोकं ठेवून नमस्कार. उजवा गुडघा कसा आहे? मनाली म्हणत होती की तुम्ही हल्ली बांधापर्यंतही जात नाही, ओटीवरच बसून खाडीकडे बघत असता. (तुमच्या सुनेला मी तुमच्यावर नजर ठेवायला सांगितलेलं नाही, ती आपणहून सांगते. तानाजी बोटीवर गेल्यापासून तिलाही कुणाशी तरी बोलायला लागतं.) डोळ्यांत थेंब घालताय ना? जेवण जातंय ना? तुम्ही फोन उचलता, माझा आवाज ऐकता आणि ठेवून देता, त्यामुळे ही चौकशी पत्रातून करते आहे. पत्र ठेवून देता येतं, पण त्याआधी निदान फोडावं लागतं. मनालीला बजावलंय की तुमच्या हातात भिंग देऊनच मग लिफाफा द्यायचा.

तुम्ही माझ्याशी का बोलत नाही हे मला माहीत आहे, आणि तुमचं काही चुकत नाही. शकूमामी गेली तो दिवस माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाही. नारळी पौर्णिमेचा आदला दिवस, खाडीला उधाण, आपल्या भरतीपाड्याच्या स्मशानाकडे जायची वाट पाण्याखाली, आणि आपण सगळे तिला खांद्यावर घेऊन ओहोटीची वाट बघत तीन तास उभे. मग गुडघाभर चिखल. वर ना छप्पर ना पत्रा, लाकडं ओली. तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळून एवढंच म्हणालात, “आमदार झालीस ना गं? मंग इचार की त्यांना.” मामा, मी विचारलं. तेव्हापासून मी दुसरं काही केलेलंच नाही. वर्षभरात काय काय झालं ते तुम्ही कुणाकडून अर्धवट ऐकलं असेल, म्हणून आज सगळं पहिल्यापासून लिहिते.

विधानसभेत प्रश्न दोन जातीचे असतात. तारांकित, म्हणजे डोक्यावर चांदणी असलेला. त्याचं उत्तर मंत्री उभे राहून देतात आणि आपल्याला वर उपप्रश्न विचारता येतात. दुसरा अतारांकित, म्हणजे बिनचांदणीचा. त्याचं उत्तर कागदावर येतं, आणि कागदाला उपप्रश्न विचारता येत नाही. तारांकितासाठी चिठ्ठ्या टाकतात. माझ्या नशिबात चिठ्ठीचं सुख कधी नव्हतं हे तुम्ही जाणताच. (पाड्यातल्या भिशीत मी सतरा वर्षं शेवटची.) तर माझा प्रश्न अतारांकितात गेला. भरतीपाडा माझ्या मतदारसंघात येत नाही, माझं आजोळ आहे, पण आमदाराला राज्यातल्या कुठल्याही गावाबद्दल विचारता येतं. तिथले आमदार मात्र तेव्हापासून मला लग्नकार्यात भेटले की पाठ करून पंगतीला बसतात.

प्रश्न मी स्वतः लिहिला. माझे स्वीय सहायक पोपटराव (पूर्वी कचेरीत मोठे कारकून होते, सरकारी भाषा त्यांना मातृभाषेहून जवळची) म्हणाले, “ताई, भावना काढा. भावनेला उत्तर नसतं.” म्हणून मी मामीचं नाव काढलं, खांदेकऱ्यांचे पाय काढले, ओली लाकडं काढली. उरलं ते असं: मौजे भरतीपाडा येथील स्मशानभूमीस पोहोचरस्ता व शेड नसल्याने ग्रामस्थांना अंत्ययात्रा भरतीच्या पाण्यातून न्यावी लागते, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? वाचून मला जरा अभिमानच वाटला. नागपूरच्या थंडीत दोन स्वेटर घालून मी उत्तराची वाट बघत बसले.

उत्तर आलं. एक: हे खरे नाही. दोन आणि तीन: प्रश्न उद्भवत नाही. खाली मंत्रिमहोदयांची झोकदार सही. (खात्याचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर ते म्हणतील, हा विषय आमच्याकडे नाही.) तो कागद मी मूर्खासारखा तसाच तुमच्याकडे आणला, कारण तुम्हांला दाखवायचं कबूल केलं होतं. तुम्ही भिंगातून दोनदा वाचलात, घडी घातलीत, माझ्या हातात परत दिलीत आणि म्हणालात, “मंग आमी तुडवला तो चिखल खोटा व्हता का गं?” ते तुमचं माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य. मी तिथून निघाले ती थेट कोपरीत येऊन स्वयंपाकघरात बसले आणि दोन किलो वाटाणे सोलले. घरात वाटाणे कुणी खात नाही.

खरं नाही म्हणजे काय, हे शोधायला महिना गेला. पोपटरावांनी ओळखीतून पाहणीचे फोटो मिळवले. फोटोत सुरेख पेव्हर ब्लॉकचा रस्ता, दोन्ही बाजूंना जास्वंद, बसायला बाक, रंगवलेली शेड, पाण्याची टाकी. मी म्हटलं, पोपटराव, हे स्मशान आहे की मंगल कार्यालयाचं आवार? ते चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, “ताई, हा भरतीपाडा आपला नाहीच. हा मोहने गावाच्या पुढचा.” आम्ही गाडी काढून गेलो. खरंच आहे मामा, नदीकाठी, तिथे भरती कधी येत नाही तरी नाव भरतीपाडा. अधिकारी तिथे गेले होते कारण तिथपर्यंत गाडी जाते. मी त्या बाकावर बसले. इतकं शांत, इतकं स्वच्छ होतं की माझ्या मनात पहिला विचार आला की मामीला इथे आणायला हवं होतं. दुसरा विचार आला तो इथे लिहिण्यासारखा नाही. तिथला राखणदार आदराने पुढे आला आणि विचारू लागला, “कुणाचं आहे? किती वाजता आणणार?” मी म्हटलं, नाही, नुसतीच बसलेय. तो जरा लांब जाऊन उभा राहिला आणि आम्ही निघेपर्यंत माझ्यावरून नजर हलवली नाही.

बजेटच्या अधिवेशनाला मी दुसरा प्रश्न टाकला. या वेळी गाव, तालुका, गट क्रमांक, खाडीचं नाव, चारी दिशांना काय आहे, सगळं घातलं. पोपटराव म्हणाले, “आता चुकायला जागा नाही.” मामा, सरकारला चुकायला जागा लागत नाही, ते ती संपादित करतं. उत्तर आलं: हे अंशतः खरे आहे. तथापि, सदर सुविधेबाबत वापरकर्त्यांकडून अद्याप कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.

मी सभागृहाबाहेरच्या लांबलचक पॅसेजमध्ये उभी राहून ते वाक्य चारदा वाचलं. तेवढ्यात समोरून मंत्रिमहोदयच आले. माणूस स्वभावाने इतका गोड की भांडण सुरू करायला टोक सापडत नाही. मी कागद पुढे केला. म्हटलं, साहेब, स्मशानाचे वापरकर्ते तक्रार कशी करणार? त्यांनी वाचलं. चेहरा गंभीर केला. सेक्रेटरीकडे बघितलं. सेक्रेटरीनेही चेहरा गंभीर केला. मग म्हणाले, “ताई, तुमचे प्रश्न फार छान असतात. भाषा किती शुद्ध! आमच्याकडे सगळे तुमचे प्रश्न वाचतात.” मी म्हटलं, मग उत्तर कोण लिहितं? ते म्हणाले, “ते वेगळे.” आणि मला हाताला धरून आत नेऊन चहा पाजला, बरोबर साबुदाणा वडा. वडा चांगला होता. हे मी तुम्हांला सांगायला नको, पण पत्रात खोटं लिहायचं नाही असं मी ठरवलंय. (निदान या पानापर्यंत.)

एका वर्तमानपत्राने ते उत्तर छापलं आणि शेजारी माझा फोटो टाकला. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी ठाण्यात स्मशानताई. टेंभी नाक्याला एका सत्काराला गेले, तिथे निवेदकाने माईकवरून भरल्या आवाजात सांगितलं, “आपल्या शेवटच्या प्रवासाची काळजी वाहणाऱ्या, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या...” आणि समोरच्या रांगेतल्या चार आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी माप घ्यायला आलेय. एकाने उठून नमस्कार केला आणि म्हणाला, मला अजून घाई नाही. माझ्या मतदारसंघात पाण्याचा, कचऱ्याचा, शाळेच्या पत्र्याचा असे एकशे सहा प्रश्न मी विचारलेत मामा. लोकांना लक्षात राहिला हा एक.

बातमीचा एक फायदा झाला. खात्याने स्थळपाहणी ठरवली, आपल्याच भरतीपाड्याची. अभियंते आले, तीन गाड्या आल्या. बांधाशी गाड्या थांबल्या आणि काच खाली करून अभियंत्यांनी विचारलं, “मॅडम, इथून दिसतं ना?” मी म्हटलं, दिसतं, पण चालून बघा. ते म्हणाले, भरतीची वेळ काय आहे? मी म्हटलं, तीच वेळ निवडलीय. तेव्हा त्यांना एक अत्यंत महत्त्वाचा फोन आला आणि तो बराच वेळ चालला. शेवटी रागाच्या भरात मीच उतरले, त्यांना दाखवायला. वीस पावलं गेले असेन. डावा पाय रुतला, तो काढायला उजव्यावर जोर दिला, मग दोन्ही रुतले. पाणी चढत होतं. मी मागे वळून ओरडले तर अभियंते काचेतून हात हलवत होते. त्यांना वाटलं मी निरोप देतेय. तिन्ही गाड्या गेल्या. पोपटराव बांधावर उभे राहून “ताई, शांत राहा, मी निवेदन देतो” असं ओरडत होते. शेवटी पाड्यातल्या रघुदादाने होडी आणली आणि मला जाळं ओढतात तसं ओढून घेतलं. चपला अजून तिथेच आहेत. आणि मामा, होडीतून मी वर बघितलं तर तुम्ही ओटीवर होतात. तुम्ही उठून उभे राहिला होतात. गुडघा असून उभे राहिला होतात. मी सुखरूप आहे असं दिसल्यावर परत बसलात आणि तोंड फिरवलंत. त्या दिवशीच्या पाहणी अहवालात लिहिलंय: लोकप्रतिनिधींच्या समवेत प्रत्यक्ष पाहणी केली, मार्ग पायी जाण्यायोग्य आढळला.

आता तिसरा प्रश्न, या पावसाळी अधिवेशनातला. तोवर माझ्यातली शुद्ध भाषा संपत आली होती. मी एकच ओळ लिहिली: रस्ता का होत नाही? पोपटरावांनी तिला कपडे घालून पाठवली. आणि पहिल्यांदाच खरंखुरं कारण आलं. ते जसंच्या तसं उतरवते, बसून वाचा: सदर पोहोचरस्ता ज्या खाजण जमिनीतून जातो तिचे भूधारक श्री. परशुराम जोमा भोईर हे मयत असून, वारसनोंद प्रलंबित असल्याने संमती प्राप्त होऊ शकली नाही.

मी मोठ्याने हसले. सभागृहात. अध्यक्षांनी समज दिली. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलात की माझ्या खाजणातून न्या रस्ता, मला काय त्या जमिनीला मिठी मारून बसायचंय. आणि ते तुम्हांला विचारायलाच आले नाहीत, कारण तुम्ही नाहीच! मग हसू गेलं आणि असा संताप आला की विचारू नका. मी कल्याणला पत्रकार परिषद घेतली. टेबलावर हात आपटला. म्हटलं, जिवंत माणसाला कागदावर मारणारं हे सरकार आहे, माझ्या मामांना कुणी मारलं त्याचं नाव मला हवं, त्याला निलंबित करा, नाहीतर मी सभागृहाच्या पायऱ्यांवर बसेन. सगळीकडे आलं. मंत्रिमहोदयांनी चौकशीचे आदेश दिले.

तर मामा, असं हे वर्ष गेलं. तीन प्रश्न, तीन उत्तरं, आणि वाटेवर एक खडीचा दगड पडलेला नाही. मला आता खरंच वाटतं की मी शाळेत मराठी शिकवत होते तेच बरं होतं. तिथे प्रश्न विचारला की चुकीचं का होईना, पोरं उत्तर द्यायची. पुन्हा निवडणूक लढवायची नाही असं मनात येतं. घरात बोलले तर सगळ्यांनी इतक्या लगेच हो म्हटलं की तेही लागलं. तुम्ही काळजी घ्या. वर्षश्राद्धाला मी येणार आहे, तुम्ही बोललात तरी आणि न बोललात तरी. पुरण मी करून आणेन; मनालीला म्हणावं नुसता भात टाक.

तुमची,
देवयानी

ता. क. हे सगळं लिहिलं, पण ज्यासाठी लिहायला बसले ते राहिलंच. परवा नाही, त्यापुढच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुम्हांला कल्याणच्या तहसील कचेरीत यायचंय. तुम्ही हयात आहात असं तिथे स्वतः उभं राहून सांगायचं, अंगठा द्यायचा, मग जमिनीचं संमतिपत्र. तुम्ही सरकारी पायरी चढणार नाही अशी शपथ घेतलीय हे मला माहीत आहे. कचेरी तळमजल्यावर आहे, पायरी एकच आहे, आणि ती तुटलेली आहे.

ता. क. २. वर मी ठरवलं होतं की खोटं लिहायचं नाही, म्हणून हे दुसरं. चौकशी पूर्ण झाली. दोन दिवसांत. या राज्याच्या इतिहासात एवढी वेगवान चौकशी झाली नसेल. काल लिफाफा आला, आत ग्रामपंचायतीकडे दिलेल्या मृत्यूनोंदीच्या अर्जाची झेरॉक्स. मयताचे नाव: परशुराम जोमा भोईर. पती किंवा पत्नीचे नाव: शकू परशुराम भोईर. खाली खबर देणाराची सही माझी. अक्षर माझं, मामा. सुरेख, टपोरं, एकही खाडाखोड नाही.

मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. स्मशानातून आल्यावर मी तुमच्या ओटीवर बसले होते, अंगावर ओली साडी, हातांवर चिखल वाळलेला. ग्रामपंचायतीचा माणूस अर्ज घेऊन आला आणि म्हणाला, ताई, तुम्हीच भरा, तुमचं अक्षर चांगलं. तुमच्या घरातला प्रत्येक अर्ज लहानपणापासून मीच भरत आले: रेशन, लाइट, तानाजीची शाळा. प्रत्येकात पहिल्या ओळीत तुमचं नाव आणि दुसऱ्या ओळीत मामीचं. हात तसाच चालला. दाखला आणायला नंतर कुणी गेलंच नाही. कुणाला हवा होता? पोपटराव म्हणाले, “ताई, तो ग्रामपंचायतीचा माणूस रिटायर झालाय, त्याच्यावर ढकलू.” मी नाही म्हटलं. मंत्रिमहोदयांना फोन केला आणि सांगितलं, साहेब, निलंबनाची मागणी मी मागे घेते, मारेकरी मीच. त्यांनी कुणालातरी दार लावून घ्यायला सांगितलं. मग हळूच म्हणाले, “ताई, आपण ‘अनवधानाने’ असं लिहू.” वर्षभरात त्या खात्याकडून मला मिळालेलं सगळ्यात माणुसकीचं उत्तर ते.

ता. क. ३. मनालीने तुम्हांला सांगितलं नाही, पण मामीच्या नावाचं धान्य अजून येतं. मतदार यादीतही ती आहे. तहसीलवाले म्हणतात, तुमची नोंद नुसती खोडता येत नाही; त्या दिवशी त्या घरात कोण गेलं ते नवऱ्याने आधी सांगायला हवं. म्हणजे मंगळवारी तुम्ही जिवंत आहात हे सांगायचं काम सोपं आहे. दुसरं सांगायचंय ते अवघड आहे. ते मी तुमच्या वतीने लिहून देऊ का, असं मी विचारून बघितलं. ते म्हणाले, तोंडी लागतं.

साडेनऊला मीच गाडी घेऊन येते. गाडीत माझ्याशी बोलू नका हवं तर, खिडकीबाहेर बघत बसा. कचेरीत कारकून तुम्हांला विचारेल, “शकू परशुराम भोईर हयात आहेत का?” तो जरा मोठ्याने विचारेल, मी तसं सांगून ठेवलंय. तुम्हांला वेळ लागला तर लागू द्या. मी बाजूला उभी असेन, आणि तुमच्याआधी काही बोलणार नाही.